घाम सगळ्यांचा, मग पाणी कुणाचं? गावकामात पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

गावात परतलेली तरुण मुलं, बचत गटातल्या ताई, पहिल्यांदा निवडून आलेले पंचायत सदस्य, नव्यानं बदलून आलेले गुरुजी अशा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. तुमचं गाव दुष्काळी पट्ट्यात आहे. उन्हाळ्यात पाणलोटाचं, म्हणजे पावसाचं पाणी शिवारातच अडवून जिरवायचं, काम काढावं, त्यात सगळ्या आळ्या-वस्त्यांनी हात लावावा आणि त्या निमित्तानं गावातली फूट कमी व्हावी, असं तुम्हाला मनापासून वाटतं. कुठून सुरुवात करायची ते एकेक करून पाहू.

माझं म्हणणं आधीच सांगते. एकत्र घाम गाळला की माणसं आपोआप जवळ येतात, हे अर्धंच खरं आहे. ज्या कामातलं पाणी शेवटी बागायतदाराच्याच विहिरीत उतरणार, तिथं भूमिहीन माणसाला घमेलं उचलायला लावणं ही जुनी वेठच आहे, फक्त नाव नवं. त्यामुळे पुढच्या प्रत्येक पायरीवर तीन गोष्टी तपासत राहा: निर्णय कुणी घेतला, काम कुठून सुरू झालं आणि फळ कुणाच्या ताटात पडलं.

१. काम कोणतं निवडावं

पहिलं काम असं हवं की ते एका आळीला एकटीनं पुरंच करता येणार नाही. देवळाचा जीर्णोद्धार, वेशीची कमान, एखादी मिरवणूक यांत कुणीतरी यजमान असतो आणि बाकीचे पाहुणे. पाण्याचं तसं नाही. वरच्या रानात चर खणला तर खालच्या विहिरीला पाझर लागतो. मधल्या एकानं ‘माझ्या बांधावरून जायचं नाही’ म्हटलं की सगळी साखळी तुटते. सगळ्यांना सगळ्यांची गरज पडते, आणि ती बोलून न दाखवताही प्रत्येकाला कळते.

मिळून काम करणं आपल्याकडे नवं नाही. एकमेकांच्या रानात आळीपाळीनं राबायची सावड, गावानं मिळून एकाचं काम उरकायची इर्जिक, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात भातखाचरं बांधण्यासाठीची पडकई हे सगळं आहेच. पण या परंपरांचं कौतुक करताना एक ध्यानात ठेवा. सावड बरोबरीच्यांत चालते. ज्याच्या दावणीला बैल, त्याची बैलवाल्याशी सावड. ज्याच्याकडे बैलही नाही आणि रानही नाही, तो या देवाणघेवाणीच्या बाहेर राहिला. आपल्याला त्यालाच आत घ्यायचं आहे.

स्मशानभूमीचा रस्ता किंवा सामाईक शेड हा बऱ्याच गावांत सर्वांत दुखरा विषय असतो. तो टाळू नका, पण पहिल्या वर्षी त्यानं सुरुवातही करू नका.

२. बैठकीआधी पायपीट

नवी माणसं हमखास बैठकीपासून सुरुवात करतात. सरपंचांना भेटतात, दवंडी देतात, आणि मग ‘त्या वस्तीवरचं कुणी आलंच नाही’ म्हणून हिरमुसतात. बैठकीच्या आधी किमान महिनाभर घरोघरी जा, आणि सुरुवात गावाच्या टोकाच्या वस्तीपासून करा: बौद्धवाडा, मातंग वस्ती, पारध्यांची पालं, तांडा, धनगरवाडा, जे तुमच्या गावात असेल ते. आधी पाटीलवाड्यावर जाऊन मग तिथं गेलात, तर तुम्ही कुणाकडून आलात हे लोक तेवढ्यात ओळखतात.

जाल तिथं पाणी मागून प्या, चहा दिला तर घ्या. त्याचा गवगवा करू नका, फोटो तर मुळीच काढू नका. आणि ‘श्रमदानाला येणार का?’ हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारूच नका. ‘मागच्या उन्हाळ्यात पाणी कुठून आणलंत?’ एवढं विचारा. उत्तर ऐकत बसलात की अर्धा आराखडा वहीत उतरलेला असेल.

वहीत काय टिपायचं: घरं किती, जमीन कुणाला किती आणि कसली, शेळ्या-मेंढ्या कुणाकडे, एकट्या राहणाऱ्या बाया कोण, आणि कोण कोणत्या महिन्यात गावात नसतं.

हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, म्हणून जरा थांबते. बीड, धाराशिव, जालना, अहिल्यानगर या भागांतल्या ऊसतोड टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. मेंढपाळ दिवाळीनंतर मेंढरं घेऊन खाली उतरतात. वीटभट्टीवर जाणाऱ्यांचंही असंच. म्हणजे ज्या हिवाळ्यात गाव आराखडे करतं, ठराव घेतं, त्या हिवाळ्यात गावातली सर्वांत गरीब कुटुंबं गावात नसतात. मग एप्रिलच्या उन्हात ती परत येतात आणि त्यांच्या हातात थेट टिकाव दिला जातो. त्यांना कुणी मुद्दाम वगळलेलं नसतं, तरी ती वगळली जातात. उपाय सोपा आहे. पहिली चर्चा भाद्रपदातच करा. टोळीतल्या दोघा-तिघांचे नंबर घ्या, बैठकीच्या रात्री फोन लावून स्पीकरवर त्यांना बोलू द्या. मागं राहिलेल्या म्हाताऱ्या आई-बापांना बैठकीला हात धरून आणा.

या महिन्याभरात प्रत्येक वस्तीतून दोन माणसं हेरून ठेवा, एक बाई आणि एक बुवा. पक्षाचे झेंडेवाले शक्यतो नकोत. जिच्याकडे शेजारीण उसनं मागायला जाते, जिच्या शब्दाखातर दोन भांडणारी पोरं गप्प होतात, अशी माणसं पाहा.

३. शिवारफेरी

पाणलोटाचं कुठलंही काम शिवारफेरीशिवाय, म्हणजे सगळं रान पायी फिरून पाहिल्याशिवाय, होत नाही. फेरीत कोण चालतं यावर नकाशा ठरतो. पाच शेतकरी आणि कृषी सहायक एवढेच गेले, तर नकाशात पाच शेतंच दिसतील. हंडे वाहणाऱ्या बायकांना कोणता हातपंप आधी कोरडा पडतो ते तोंडपाठ असतं. पहिल्या पावसाचं पाणी कुठून घसरतं, हे मेंढपाळ अचूक दाखवतो. चाळीस वर्षं सालगडी म्हणून राबलेल्या म्हाताऱ्याला बुजलेली विहीर ठाऊक असते. या तिघांना फेरीत बरोबर घ्या आणि पुढं चालू द्या.

परतल्यावर शाळेच्या पटांगणात रांगोळीनं नकाशा काढा. वस्त्यांची नावं लिहिताना जातीवरून लिहू नका. राज्य मंत्रिमंडळानं डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतलेला आहे. तुमच्या गावात तो कागदावरच राहिला असेल, तर नवं नाव काय असावं ते त्या वस्तीलाच विचारा. दुसऱ्यांनी ठेवलेलं नाव पुन्हा दुसऱ्यांनीच बदलू नये.

४. बैठक: जागा, वेळ, बसणं

जागा शाळेची निवडा. देवळाच्या मंडपात काहीजण पायरीशीच थांबतात, पुढाऱ्याच्या ओट्यावर काहीजण येतच नाहीत. रात्रीची जेवणं उरकल्यावर बसा, पण पुरुषांची नव्हे, बायकांची जेवणं उरकल्यावर. खुर्च्या काढून टाका. सगळ्यांना एकच सतरंजी. सरपंच, गुरुजी, पाहुणे सगळे खाली. दहा खुर्च्या मांडल्या की त्या कुणाच्या आहेत हे कुणी न सांगता ठरतं.

कायद्यानं तुमच्या हाती काय आहे तेही पाहून घ्या. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ प्रमाणे आर्थिक वर्षात किमान ४ ग्रामसभा घ्याव्याच लागतात. मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी कमी ती. नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणंही बंधनकारक आहे. बऱ्याच ठिकाणी ती रजिस्टरात सह्यांपुरती उरते. तुम्ही मात्र ती खरोखर घ्या, आणि तिथं निघालेला मुद्दा दुसऱ्या दिवशी मोठ्या सभेत एखाद्या बाईनंच मांडावा असं ठरवून घ्या.

निर्णय हात वर करून की सर्वांच्या संमतीनं? इथं गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड गाव बघण्यासारखं आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्यांचीच. तिथं सर्वसहमती होईपर्यंत निर्णय होत नाही. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या सभेत जातो. त्यांनी आणखी एक हुशारी केली. अभ्यास गट वेगळा ठेवला, निर्णयाची सभा वेगळी. अभ्यास गटात बाहेरचा माणूसही बसू शकतो, माहिती देऊ शकतो, पण निर्णय गावाचा. सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर सगळ्या गावाचा मिळून हक्क, मिळवणारं देशातलं अगदी पहिल्या गावांपैकी एक म्हणून २००९ मध्ये मेंढ्याचं नाव झालं, त्यामागं वर्षानुवर्षांच्या अशा बैठका आहेत.

मात्र मेंढ्यात जवळपास सगळे एका समाजाचे आहेत. तुमच्या गावात एक मोठा समाज आणि चार लहान असतील, तर ‘सर्वसहमती’च्या नावाखाली लहान समाज मान डोलावून मोकळा होईल. म्हणून एक जास्तीची काळजी घ्या. ठराव झाल्यावर लगेच सह्या घेऊ नका. प्रत्येक वस्तीला आठ दिवस द्या, आपापसात बोलू द्या, आणि मग पुन्हा विचारा. उघड सभेत न निघालेला शब्द स्वतःच्या अंगणात निघतो.

५. वाट्याचा ठराव, पहिली कुदळ मारण्याआधी

ही पायरी बहुतेक गावं गाळतात आणि सगळं बिघडतं ते इथंच. पाणी आल्यावर वाटपाचं बघू, असं म्हणू नका. पाणी आलं की ज्याची मोटार मोठी त्याचा वाटा मोठा होतो.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी नायगावपासून पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. त्याचे नियम आजही कुणीही वहीत उतरवून घ्यावेत असे आहेत. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, तर कुटुंबातल्या माणसांच्या प्रमाणात. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं पाणी, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही, त्यामुळे भूमिहीनालाही वाटा. ऊसासारखं पाणी पिणारं पीक घ्यायचं नाही. आणि खर्चातला २० टक्के भाग लाभार्थ्यांनीच उचलायचा. पुढं सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर लोकांनी उभ्या केलेल्या बळीराजा धरणाच्या वाटपातही भूमिहीनांचा हिस्सा धरला गेला.

हे जसंच्या तसं तुमच्या गावात पहिल्याच वर्षी होईल असं मी म्हणत नाही. विहिरी खाजगी असतात, जमीनवाल्यांचं ऐकावं लागतं, मतांचं गणित असतं. पण त्या दिशेनं चार-पाच कलमं तरी घडवता येतात, आणि ती लेखी हवीत.

पहिलं, पिण्याचं पाणी आधी, आणि तेही टोकाच्या वस्तीला आधी. टाकी भरली की नळ कुठून सोडायचा हे ठरावात लिहा. मधल्या आळीला रोज आणि शेवटच्या वस्तीला तीन दिवसाआड, ही तक्रार शंभरातल्या नव्वद गावांत ऐकू येईल, आणि ती व्हॉल्व फिरवणाऱ्या एका हातावर अवलंबून असते.

दुसरं, तलावातला गाळ. गाळ म्हणजे सोनं, आणि ते ट्रॅक्टरवाल्याच्या रानात जातं. अल्पभूधारकांच्या मुरमाड तुकड्यांना पहिला मान, वाहतुकीचा खर्च गावानं किंवा एखाद्या दात्यानं उचलायचा, असं ठरवा.

तिसरं, पाणी साठलं तर त्यातली मासेमारी, काठावरचं गवत, गायरानावरची झाडं यांवर हक्क कुणाचा? हा वाटा भूमिहीन कुटुंबांच्या आणि एकट्या बायकांच्या गटाकडे देण्यात कुणा जमीनवाल्याचं फारसं जात नाही, आणि त्या घरांना मात्र वर्षभराचा आधार होतो.

चौथं, चराईबंदी. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारसारख्या गावांनी कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी करून डोंगर हिरवे केले, हे सगळ्यांना माहीत आहे आणि ते खरंच आहे. पण बंदीची घोषणा करण्याआधी विचारा की शेळ्या कुणाच्या आहेत. ज्याच्याकडे रान आहे तो गाई दावणीला बांधून बांधावरचा चारा घालील. ज्या बाईची सगळी मालमत्ता चार शेळ्या आहे, ती काय करणार? म्हणून बंदी आणि सोय एकाच ठरावात हवी. डोंगराचा एकेक भाग पाळीपाळीनं बंद ठेवा, बंद भागातलं गवत विळ्यानं कापून न्यायला मोकळीक द्या, आणि मेंढपाळांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा कळप, कोणत्या वाटेनं जाईल ते त्यांच्यासमोर ठरवा.

पाचवं, नव्या बोअर. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर कायद्यानंच बंधन आहे, हे तरी ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवा.

ठराव प्रोसिडिंग बुकात उतरवा आणि त्याची एकेक प्रत प्रत्येक वस्तीच्या समाजमंदिरात लावा.

६. प्रत्यक्ष काम

पाणलोटाचं तंत्र सांगतं, माथ्यापासून पायथ्याकडे या. आधी डोंगरमाथ्यावर सलग समतल चर (एकाच पातळीत खणलेले लांब चर), मग उतारावर दगडी बांध, मग बांधबंदिस्ती, आणि शेवटी ओढ्यातलं काम. आता गावाचा नकाशा पुन्हा पाहा. माथ्यावरची मुरमाड, खडकाळ जमीन गायरान तरी असते, किंवा ज्यांना कधीच चांगली जमीन मिळाली नाही त्यांच्या वाट्याची तरी. म्हणजे तंत्राचा नियम आणि न्यायाचा नियम इथं एकच काम सांगतात. पहिले आठ-दहा दिवस गावातल्या बागायतदारांनी त्या गरिबाच्या रानात कुदळ मारली, की पुढं त्यानं कुणाच्या बांधावर घाम गाळायचा याची चर्चाच वेगळी होते.

समपातळी रेषा काढायला ए-फ्रेम पुरते. तीन काठ्या, दोरी, ओळंब्याला दगड. शाळेतली मुलं अर्ध्या तासात शिकतात. चराचं नेहमीचं माप ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल. असा १० मीटर चर म्हणजे १.८ घनमीटर काम. दर सकाळी टेपनं मोजा आणि फळ्यावर लिहा. मोजण्याचं आणि लिहिण्याचं काम रोज वेगळ्या वस्तीतल्या मुलीकडे द्या.

गट पाडताना वस्तीवार पाडू नका. ‘ही आमची टोळी, ती त्यांची’ असं झालं की चढाओढ लागते, काम वाढतं, आणि ओळख मात्र जिथल्या तिथं राहते. चिठ्ठ्या टाकून दहा-दहांचे गट करा, दर आठवड्याला नव्यानं. घमेल्यांची साखळी ही मला सगळ्यात चांगली पद्धत वाटते, कारण तिथं हाताला हात लागल्याशिवाय घमेलं पुढं जात नाही.

आता ज्यांचं हातावर पोट आहे त्यांचं काय? रोजगार बुडवून श्रमदान करा, असं त्यांना सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. सकाळी सहा ते आठ ठेवा, म्हणजे त्यांना नंतर मजुरीवर जाता येईल. जड कामं रोजगार हमीत बसतात का, ते ग्रामरोजगार सेवकाला विचारा. ही हमी मुळात आपल्याच राज्यात १९७२ च्या दुष्काळातून आली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. आणि जो शेतकरी स्वतः येऊ शकत नाही, त्यानं एका माणसाची मजुरी गावनिधीत भरावी. श्रमदान हे ज्याला परवडतं त्याचं दान असावं.

शुभारंभाचा नारळ कुणाच्या हस्ते? आमदारांना जरूर बोलवा, पण पहिली कुदळ गावातल्या एखाद्या विधवा बाईच्या हातून पडू द्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं तो इतर गावांपुढं आदर्श म्हणून ठेवला. तुमच्या गावात तसा ठराव व्हायचा असेल, तर ही सुरुवात धरा.

२०१६ मध्ये वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत पाणी फाउंडेशन या संस्थेची वॉटर कप ही गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा सुरू झाली आणि पुढच्या तीन वर्षांत ती राज्यभर पसरली. भर उन्हाळ्यात हजारो गावकरी एकत्र राबले, हे आपण पाहिलं. पहिल्या वर्षी कोरेगावातलं वेळू पहिलं आलं. स्पर्धा, बक्षीस, ठरलेले दिवस यांनी लोक बाहेर पडतात, यात शंका नाही. पण तुमच्याकडे बक्षीस नसणार. म्हणून पाचव्या पायरीतला ठराव तुमच्यासाठी जास्त मोलाचा.

७. माठ आणि पंगत

कामाच्या जागी पाण्याचा एकच पिंप किंवा एकच माठ ठेवा, आणि एकच पेला. ऐकायला किरकोळ वाटेल. पण महाराष्ट्रात पाण्याच्या घोटाचा इतिहास किरकोळ नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं असल्याचं १९२४ मध्ये मान्य केलं. तरी प्रत्यक्ष ओंजळ भरायला २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो माणसांसह तळ्यावर जावं लागलं, त्यानंतर लोकांनी मार खाल्ला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. स्वातंत्र्यानंतर पंचवीस वर्षांनी, बहात्तरच्या दुष्काळाच्या काळात, डॉ. बाबा आढावांना ‘एक गाव एक पाणवठा’ची मोहीम घेऊन गावोगाव फिरावं लागलं. कागदावरचा ठराव आणि तोंडाला लागलेला पेला यांत एवढं अंतर असू शकतं.

पंगतीत वाढायला रोज वेगळ्या वस्तीची पाळी लावा, आणि स्वयंपाकालाही. पिठलं-भाकरी, आमटी-भात असं साधं ठेवा, म्हणजे पथ्याचं निमित्त उरत नाही. टोकाच्या वस्तीतल्या बायकांनी रांधलेल्या दिवशी पंगतीत कोण नाही, ते बघून ठेवा. चारचौघांत बोलू नका. संध्याकाळी त्याच्या घरी जा, आणि त्याच्याच वयाच्या, त्याच्याच भावकीतल्या माणसाला बरोबर न्या. बाहेरच्यानं सुनावलं की माणूस हट्टाला पेटतो. भावकीतला ‘मी जेवलो, तुला काय झालं?’ म्हणाला की विचारात पडतो. तरीही कुणी स्वतःचा डबा घेऊन आला, तर त्याला काम करू द्या. मात्र एका माणसासाठी वेगळी पंगत, वेगळं भांडं मांडायचं नाही. इथं तडजोड नको.

८. भांडणं होतील

पैसा, श्रेय आणि निवडणूक, या तिघांवरून होतील. पैशासाठी उपाय एकच: रोजचा जमाखर्च चावडीच्या फळ्यावर, डिझेलच्या बिलासकट. श्रेयासाठी बॅनरवर कुणाचाच फोटो नको, फक्त गावाचं नाव. पंचायत निवडणूक जवळ असेल तर काम सहा महिने आधी किंवा नंतर धरा.

काही प्रसंग मात्र नुसतं ‘भांडण’ नसतात. कुणाला जातीवरून शिवीगाळ, मारहाण झाली, कुणाच्या घरावर बहिष्कार घातला, किराणा-पीठगिरणी बंद केली, तर तो गुन्हा आहे. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचाराविरुद्ध १९८९ चा कायदा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा आहे, तो २०१७ पासून लागू झाला, आणि त्यात ३ वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात. अशा वेळी ‘गावाची एकी बिघडेल, मिटवून घ्या’ म्हणून ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याच मागं लागणारे लोक भेटतील. तुम्ही त्यांच्यात सामील होऊ नका. त्या कुटुंबाबरोबर पोलीस ठाण्यात जा, फिर्याद नोंदवेपर्यंत थांबा. चराचं काम चार दिवस बंद पडलं तरी चालेल.

हे वाचणारं कुणी शहरातलं, मिश्र वस्तीतलं असेल, तर भिवंडीचं उदाहरण अभ्यासावं. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी पोळलेल्या त्या शहरात १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. दोन्ही धर्मांचे सामान्य रहिवासी पोलिसांबरोबर नियमित बसत, किरकोळ तंटे तिथंच मिटत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. समित्या दंगल उसळल्यावर घाईनं बनवलेल्या नव्हत्या, हे महत्त्वाचं.

९. पाऊस पडल्यावर

जूनमध्ये चर भरले की फोटो निघतात आणि लोक पांगतात. खरं काम सप्टेंबरच्या शेवटी असतं: पाण्याचा ताळेबंद. गावात पर्जन्यमापक लावा. पाऊस किती पडला, त्यातला किती अडला, माणसांना आणि जनावरांना वर्षभर किती लागेल, आणि उरलेल्यात रब्बीची कोणती पिकं बसतात, हे सगळ्यांसमोर मांडा. हिवरे बाजार हे दरवर्षी करतं, आणि पाऊस कमी असेल त्या वर्षी पिकं त्या हिशेबानं बदलतं. तुमची ताळेबंदाची सभा टोळ्या निघण्याआधी घ्या.

त्या सभेत ठरावातली पाच कलमं एकेक करून वाचा. गाळ कुणाच्या रानात गेला, नळ कुठून सुटला, गवत कुणी कापलं, याचं उत्तर त्या त्या वस्तीनं द्यायचं, समितीनं नाही. जे कलम पाळलं गेलं नाही, त्याला जबाबदार कोण आणि ते कधी पुरं होणार, हे तारखेसह लिहून घ्या.

आणि दुसऱ्या वर्षी समितीची मांडणी बदला. पर्जन्यमापकाची वही, गावनिधीचं पासबुक, टाकीच्या व्हॉल्वची किल्ली, या तीन गोष्टी ज्यांच्याकडे आजवर कधीच नव्हत्या, अशा वस्तीतल्या तिघांकडे द्या. त्यातली किमान एक बाई हवी. त्यांना सुरुवातीला हिशेब शिकवायला कुणीतरी आठवड्यातून एकदा बसावं लागेल. तो वेळ तुम्ही द्या.